अठ्ठावीस कोरचं मशीन

“रफिकभाई, मशीन बदलू का माणूस बदलू? तेवढं सांगून द्या मले.”

फोनवर नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट हाच प्रश्न. विलासभाऊ गावंडे असेच बोलतात. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप आहे. जिनिंगच्या कारखान्यांना लागणारे मशीनचे भाग, मोठे पंखे, कापूस ओढून नेणारे पत्र्याचे पाइप ते बनवतात. माझं यवतमाळला कॉम्प्युटरचं दुकान आहे. तयार डबे विकायचं दुकान नव्हे. ग्राहकाचं काम पाहून एकेक पार्ट निवडायचा आणि मशीन जोडून द्यायचं, हा माझा धंदा. पंचवीस वर्षं हेच करतो आहे आणि, उगाच नम्रपणा कशाला, चांगलं करतो.

“कोणतं मशीन, भाऊ?”

“तुम्ही देल्लं ते. मोठं. प्रज्ञा बसते त्याच्यावर.”

प्रज्ञा मनवर म्हणजे त्यांच्याकडची डिझायनर. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, वय सत्तावीस-अठ्ठावीस. लोखंडाला कटर लागण्याआधी ती प्रत्येक भाग कॉम्प्युटरवर थ्रीडीमध्ये उभा करते. त्यावरून ड्रॉइंग निघतं आणि ड्रॉइंग हातात घेऊन फिटर-वेल्डर काम करतात. तिचं काम अडलं की सगळं वर्कशॉप अडतं.

आणि ते अडलेलं होतं. दिग्रसजवळ एक नवीन जिनिंग उभी राहत होती. तिथली कापूस साफ करायची यंत्रं आणि सगळी पाइपलाइन विलासभाऊंना मिळाली होती. एवढं मोठं काम त्यांच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं. दिवाळीनंतर कापूस यायला लागतो, त्याच्या आत सगळं उभं करून द्यायचं होतं. महिना संपायच्या आत जिनिंगवाल्यांना पूर्ण ड्रॉइंग मंजुरीसाठी हवं होतं, आणि ते निम्मंही झालं नव्हतं.

“नागपूरचा एक डिझाइनवाला तयार हाय,” विलासभाऊ म्हणाले. “एक तारखेपासून काम त्याले देतो. प्रज्ञाले सांगून देतो, बाई, तू आता घरी राह्य.”

“तिचं काय चुकलं?”

“ढिली हाय. मी मोबाइलवर कॅमेऱ्यातून पायतो ना. हात बांधून बसून राह्यते. मशीन तर तुम्हीच सांगतलं होतं, पुऱ्या यवतमाळात असं मशीन नाही म्हणून. मंग ढिलं कोण? पोट्टीच ना? तरी म्हटलं, एकदा तुम्हाले विचारून घ्यावं. मशीनमंदी खराबी नसन तर मी मोकळा झालो.”

‘पुऱ्या यवतमाळात असं मशीन नाही’ हे वाक्य माझंच. मशीन देताना छाती फुगवून बोललो होतो. दीड वर्षानंतरही ते ग्राहकाला तोंडपाठ आहे हे ऐकून, खरं सांगतो, मला आधी बरंच वाटलं. त्या वाक्याच्या जोरावर एका मुलीची नोकरी जाणार आहे, हे डोक्यात शिरायला दोन मिनिटं लागली.

मशीनबद्दल थोडं सांगतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधली प्रत्यक्ष राबणारी चीप. तिच्या आत कोर असतात. एक कोर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा एक मजूर समजा. शाळेच्या ऑफिसात, सेतू केंद्रात मी देतो तो साधा डेस्कटॉप प्रोसेसर. स्वस्त, त्यात चार नाहीतर सहा कोर. वर्कस्टेशन प्रोसेसर ही वेगळी जात. त्यात कोर भरपूर, दिवसरात्र चालायची तयारी, आणि रॅममध्ये एखादा आकडा चुकला तर तो जागच्या जागी दुरुस्त करायची सोय. विलासभाऊंच्या मशीनमध्ये असे दोन प्रोसेसर होते, चौदा-चौदा कोरचे. एका मोठ्या कंपनीने वापरून काढलेलं मशीन मी तपासून, स्वच्छ करून, नवी डिस्क टाकून दिलं होतं. याला रिफर्बिश्ड म्हणतात. कॅबिनेट इतकं जड की दोघांनी उचलून आत नेलं होतं, आणि विलासभाऊंनी त्याला हारही घातला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला लोहाऱ्याला पोहोचलो. वर्कशॉपच्या एका बाजूला काचेची खोली, तिच्यात प्रज्ञाताईंचं टेबल. डोक्यावर कोपऱ्यात कॅमेरा. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि उठून खुर्ची दिली. मी कशासाठी आलोय हे त्यांना कळलं होतं.

मी कामाला लागलो. कॅबिनेट उघडलं. ग्राइंडिंगची काळी धूळ होती, ब्लोअरने उडवली. प्रोसेसरचं तापमान पाहिलं, बेताचं. रॅमची चाचणी लावली, एकही चूक नाही. डिस्क उत्तम. व्हायरस नाही. ग्राफिक्स कार्डचं सॉफ्टवेअर जुनं होतं, नवं टाकलं. या सगळ्यात तीन तास गेले. प्रज्ञाताई तेवढा वेळ बाजूच्या टेबलावर छापील ड्रॉइंगवर पेन्सिलीने काहीतरी आखत बसल्या होत्या.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात. मशीन माझं होतं. ते निर्दोष निघालं याचा मला आनंद झाला आणि तो मी लपवला नाही. केबिनच्या दारात उभं राहून मोठ्याने सांगितलं, “भाऊ, मशीन ठणठणीत आहे. काही खराबी नाही.”

“पाहा!” विलासभाऊ म्हणाले. “मी काय सांगतलं होतं?”

मागे वळलो तर प्रज्ञाताई काचेच्या दाराशी उभ्या होत्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

“म्हणजे मीच ढिली. असंच ना, सर?”

“तसं नाही हो ताई, मी फक्त मशीनचं...”

“तुम्ही मशीन बंद ठेवून तपासली, नाही तर नुसती चालू ठेवून. मी काम करतो तवा तपासली का? इथी बसा. अर्धा घंटा बसा. मंग सांगा त्यायले काय सांगाचं ते.”

पंचवीस वर्षांत मला माझं काम असं कोणी सांगितलं नव्हतं. राग आला. पण बोलणं बरोबर होतं. गाडीचा आवाज येतो अशी तक्रार असेल तर मेकॅनिक गाडी चालवून पाहतो. मी कॅबिनेट पुसून निकाल देऊन मोकळा झालो होतो. मुकाट्याने खुर्ची ओढली आणि त्यांच्या मागे बसलो.

त्यांनी जिनिंगची पूर्ण जुळणी उघडली. पंखे, पाइप, वाकणं, खांब, हजाराच्या वर भाग. जिनिंगवाल्यांनी एक पाइप थोडा रुंद मागितला होता. त्यांनी तेवढं एक माप बदललं आणि बटण दाबलं. स्क्रीनवर गोल चक्कर फिरायला लागलं. आता मापाला जोडलेला एकेक भाग सॉफ्टवेअर नव्याने बसवणार होतं.

एक मिनिट झालं. दोन झाली. प्रज्ञाताईंचा हात माउसवर सारखा हलत होता. उगाचच क्लिक, इकडे क्लिक, तिकडे क्लिक. तिसऱ्या मिनिटाला खिडकी पांढरी पडली, ‘प्रोग्राम उत्तर देत नाही’ असा संदेश आला, आणि पुढच्या क्लिकला सॉफ्टवेअर बंद झालं. केलेला बदल त्यात गेला, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

“अहो ताई, चक्कर फिरत असताना क्लिक कशाला करता?” मी जवळजवळ ओरडलो. “त्यानेच बंद पडतं ते! हात बाजूला ठेवून शांत बसायचं.”

“हात बाजूले ठेवला का फोन येते,” त्या म्हणाल्या आणि कॅमेऱ्याकडे मान केली. “काहून बसली म्हणून. दिवसातून चार डाव. म्हणून मी हलवत राह्यतो. कॅमेऱ्यात काम करून राह्यली असं दिसते.”

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग बंद पडलेल्या स्क्रीनकडे पाहिलं. बसून राहिली तर ढिली, आणि बसलेली दिसू नये म्हणून हात हलवला तर काम बुडतं. कोणाकोणाचा राग करावा ते कळेना.

“आता कोणाचाही फोन आला तरी मी घेतो,” मी म्हणालो. “पुन्हा करा. माउसला हात लावायचा नाही.”

या वेळी मी टास्क मॅनेजर उघडला. कुठला कोर किती राबतो आहे ते त्यात दिसतं. एका कोरचे दोन चौकोन, म्हणजे त्या मशीनवर छप्पन्न चौकोन. काम जास्त तसा चौकोन भरत जातो. त्यांनी तेच माप पुन्हा बदललं, चक्कर फिरायला लागलं, आणि मी चौकोन पाहायला लागलो.

एक चौकोन गच्च भरलेला. बाकी पंचावन्न जवळजवळ रिकामे. काही वेळाने तो रिकामा झाला आणि दुसरा एक भरला, पण एका वेळी भरलेला एकच. चार मिनिटं होईपर्यंत हेच चाललं.

कारण लगेच समजलं. हे मला माहीत असायला हवं होतं; खरं म्हणजे माहीत होतंच. थ्रीडी डिझाइनचं काम एकामागून एक चालतं. आधी पत्रा, मग पत्र्यात भोक, मग भोकात बोल्ट. भोक पडल्याशिवाय बोल्ट बसत नाही, त्यामुळे भोक पाडणारा आणि बोल्ट बसवणारा असे दोन मजूर एकाच वेळी कामाला लावता येत नाहीत. अशा कामाला मजूर किती आहेत याला महत्त्व नाही, एक मजूर किती चपळ आहे याला आहे. चपळाई मोजतात ती क्लॉक स्पीडने, म्हणजे एका सेकंदात कोर किती वेळा हात चालवतो त्यावरून, आणि एका हातात तो किती काम उरकतो त्यावरून. माझ्या त्या मोठ्या मशीनचे कोर भरपूर होते, पण जुन्या पिढीचे आणि संथ. दुकानात शाळांना देतो त्या स्वस्त प्रोसेसरचा एकेक कोर त्याच्या दुपटीने चपळ होता.

मग तो सौदा आठवला. दीड वर्षापूर्वी याच खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. विलासभाऊंनी एकच प्रश्न विचारला होता, “कोर किती?” जिनिंगवाल्या माणसाचा हा हिशोबच असतो. जिनिंगमध्ये कापसातली सरकी वेगळी करणारी यंत्रं ओळीने बसवलेली असतात. कोणाकडे बारा, कोणाकडे चोवीस. जितक्या जिन जास्त तितका कारखाना मोठा. लग्नाच्या बैठकीतही आधी जिनच विचारतात. त्यांनी कोर विचारले, मी अठ्ठावीस सांगितले, ते खूश, मी खूश. प्रज्ञाताई तेव्हा काहीतरी म्हणायला लागल्या होत्या, “सर, माझ्या सॉफ्टवेअरले...” आणि मी हसून म्हणालो होतो, “ताई, मशीनचं टेन्शन आमच्यावर सोडा. तुम्ही फक्त डिझाइन करा.”

“ताई,” मी विचारलं, “तेव्हा तुम्हाला काय सांगायचं होतं?”

“हेच. कॉलेजच्या लॅबमंदी साधी मशीन होती. त्याच्यावर हे चक्कर लवकर थांबे. तेवढंच विचाराचं होतं, असं काहून म्हणून.”

मी उठून केबिनमध्ये गेलो. विलासभाऊ जेवणाचा डबा उघडत होते.

“भाऊ, मगाशी बोललो ते मागे घेतो. मशीन ठणठणीत आहे, पण या कामाचं नाही.”

“म्हणजे?”

“तुमच्या त्या दिग्रसच्या जिनिंगमध्ये जिन किती?”

“चोवीस.”

“आणि रुईच्या गाठी बांधायची प्रेस?”

“एक.”

“चोवीसच्या अठ्ठेचाळीस जिन केल्या आणि प्रेस एकच ठेवली, तर गाठी दुप्पट निघतील?”

“कशा निघतीन? रुई साचून राहीन ना प्रेसपाशी.” सांगता सांगता ते थांबले. माझे अब्बा दिग्रसच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते, प्रेसपाशी साचलेल्या रुईचे डोंगर मी लहानपणी पाहिलेले आहेत.

“प्रज्ञाताईंचं काम म्हणजे प्रेस आहे,” मी म्हणालो. “मी तुम्हाला जिन वाढवून दिल्या. प्रेस मात्र मंद दिली.”

विलासभाऊंनी घास हातातच ठेवला. “मंग याच्यापेक्षा मोठं मशीन घ्या लागन?”

“लहान. सहा कोरचं. शाळेत देतो ते.”

ते हसले. अगदी मनापासून हसले. “रफिकभाई, ऊन डोक्यात गेलं काय? हे हत्तीएवढं मशीन, अन् ते शाळेतलं त्याच्या पुढं जाईन?”

“घोडामैदान जवळच आहे. उद्या सकाळी येतो.”

एका शाळेसाठी जोडलेलं मशीन दुकानात तयार होतं. मुख्याध्यापकांना फोन करून आठवडाभराची मुदत मागितली. त्यात रॅम वाढवली आणि दुसऱ्या दिवशी एका हातात उचलून लोहाऱ्याला नेलं. मोठ्या मशीनचं ग्राफिक्स कार्ड काढून याला लावलं, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की कार्डमुळे फरक पडला. त्याआधी मोठ्या मशीनवर तेच माप बदलून वेळ मोजून घेतला होता. विलासभाऊ स्वतः मोबाइलचं घड्याळ धरून उभे होते. चार मिनिटं आणि वर काही सेकंद.

सॉफ्टवेअरचं लायसन्स इकडून काढून तिकडे टाकायला अर्धा तास गेला. मग प्रज्ञाताई लहान मशीनसमोर बसल्या. तीच फाइल, तोच पाइप, तेच माप. बटण दाबून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

चक्कर थांबलं तेव्हा दोन मिनिटं व्हायची होती.

“आणखी एक डाव कर,” विलासभाऊ म्हणाले. त्यांनी आणखी एकदा केलं. मग तिसऱ्यांदा. फरक दोन-चार सेकंदांचा.

मोठ्या मशीनची बाजूही मांडायला हवी, म्हणून मी त्यांना दुसरी गोष्ट दाखवली. मोठ्या मशीनला सोबत आणलेलं साधं कार्ड लावलं आणि त्याच जिनिंगचं खऱ्या फोटोसारखं चित्र बनवायचं काम दोन्ही मशीनना दिलं. या कामात चित्राचे तुकडे पडतात आणि प्रत्येक कोर आपला तुकडा घेऊन बसतो. मोठ्या मशीनचे छप्पन्न चौकोन गच्च भरले आणि लहान मशीनचं निम्मं व्हायच्या आत त्याचं चित्र पूर्ण झालं. पाइपमधून हवा कशी वाहील त्याचा हिशोबही असाच वाटून करता येतो. म्हणजे मशीन भंगार नव्हतं. पण प्रज्ञाताई महिन्यातून अशी दोन चित्रं काढतात, आणि माप दिवसातून चाळीस-पन्नास वेळा बदलतात.

केबिनमध्ये गेलो. विलासभाऊंनी दार लावलं, प्रज्ञाताईंना बसायला सांगितलं. मग माझ्याकडे बोट केलं.

“आता सांगा. हे हत्तीएवढं मशीन मले कोणं देल्लं?”

“मी.”

“मंग चूक कोणाची?”

इथे पळवाटा होत्या, खोटं कशाला बोलू. फाइल मोठी झाली म्हणता आलं असतं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जड आहे म्हणता आलं असतं. ते थोडंफार खरंही होतं. तुम्हीच कोर मागितले, असंही म्हणता आलं असतं. एमआयडीसीतली निम्मी वर्कशॉप माझी गिऱ्हाइकं आहेत आणि विलासभाऊंच्या तोंडातून निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळीकडे होते. समोर प्रज्ञाताई बसल्या होत्या. त्या माझ्याकडे नाही, टेबलाकडे पाहत होत्या.

“माझी,” मी म्हणालो. “तुम्ही जिनिंगवाले, तुम्ही कोर विचारणार. काम काय आहे ते मी विचारायला हवं होतं, आणि ते यांना. नाही विचारलं. या सांगत होत्या तर गप्प केलं. दीड वर्ष यांनी माझ्या चुकीवर बसून काम केलं आणि ढिलेपणा यांच्या नावावर लागला.”

विलासभाऊंनी पेपरवेट बाजूला सारला. “नागपूरवाल्याले नाही म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “हे लहान मशीन इथीच राहू द्या. प्रज्ञा, महिन्याच्या आखरीपर्यंत होते का आता?”

“होते,” प्रज्ञाताई म्हणाल्या. “पण एक सांगाचं होतं.”

“बोल.”

त्या माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्ही आता बोलले ते इथी बोलले. दार लावून. बाहेर अकरा माणसं हायेत. त्यायच्याकडे ड्रॉइंग घेऊन गेली का म्हणते, आली बाप्पा एकदाची बैलगाडी. दीड वर्ष झालं. मशीन बदलली हे त्यायले दिसन. पण मी ढिली नव्हती हे कोण सांगन?”

विलासभाऊ म्हणाले, “अवं, जाऊ दे ना आता.”

“नाही भाऊ. यायनं तुमच्यापाशी चूक मानली, तुम्ही गिऱ्हाईक हाय म्हणून. मी कायले जाऊ देऊ?”

मला हे अवघड गेलं. मालकापुढे चूक कबूल करणं हा धंद्याचा भाग आहे. त्यातून कधीकधी भरवसा वाढतोही. पण अकरा फिटर-वेल्डरपुढे उभं राहून सांगायचं, की तुमच्या वर्कशॉपला दीड वर्ष मी मागे ठेवलं? त्यातल्या शंकर मिस्त्रीची जीभ तर सगळ्या लोहाऱ्याला माहीत. म्हणालो, “चार वाजता चहा होतो ना? तेव्हा सांगतो.”

चार वाजेपर्यंतचा वेळ मी केबल बांधत काढला. तेवढ्या केबल त्या खोलीत नव्हत्याही.

चार वाजता भोंगा झाला. सगळे टिनाच्या शेडखाली जमले, किटली फिरली. प्रज्ञाताई एका बाजूला ग्लास धरून उभ्या राहिल्या. विलासभाऊही केबिनमधून बाहेर आले. मी पुढे झालो.

“एक मिनिट द्या मला. आत ते मोठं मशीन आहे, ते मी दिलेलं. ते ताईंच्या कामाला चुकीचं होतं. एक माप बदललं की चार मिनिटं थांबायला लागायचं, दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. मीही बसलो असतो तरी तेवढंच काम झालं असतं, कदाचित कमीच. ड्रॉइंग उशिरा येत होतं ते माझ्यामुळे. ताईंमुळे नाही.”

शंकर मिस्त्रीने बिडी विझवली.

“म्हणजे रफिकभाई, दीड वर्ष आम्ही शिव्या चुकीच्या माणसाले देल्या?”

“हो.”

“मंग आता तुम्हाले देऊ का?”

सगळे हसले. मीही हसलो, दुसरा इलाज नव्हता. “द्या. पण चहा झाल्यावर.”

शंकर मिस्त्री प्रज्ञाताईंकडे वळला. त्याने किटली उचलली आणि त्यांच्या ग्लासात आणखी चहा ओतला. “घे वं,” एवढंच म्हणाला. त्यांनी घेतला. मग सगळ्यांच्या आधी आत गेल्या आणि कामाला बसल्या.

ड्रॉइंग महिना संपायच्या दोन दिवस आधी गेलं. जिनिंगवाल्यांनी तीन दुरुस्त्या काढल्या, त्या एका दिवसात झाल्या. कापूस यायच्या आत पाइपलाइन उभी राहिली. मोठं मशीन कोपऱ्यात आहे, हवेचे हिशोब आणि चित्रं त्याच्यावर होतात. कॅमेरा अजून तिथेच आहे, पण विलासभाऊंचा फोन येत नाही, असं प्रज्ञाताई सांगतात. शिव्यांचं म्हणाल तर शंकर मिस्त्रीने शब्द पाळला. अजूनही मी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं की तो ओरडतो, “आली बाप्पा बैलगाडी!” आता ती बैलगाडी मी आहे, आणि माझी तक्रार नाही.

लोक विचारतात, साधा प्रोसेसर घ्यावा की वर्कस्टेशनचा? उत्तर सोपं आहे. काम वाटून करता येत असेल आणि दिवसरात्र चालणार असेल तर वर्कस्टेशन. काम एकामागून एक होणारं असेल तर कमी कोरचा, चपळ, स्वस्त प्रोसेसर. हे कुठल्याही पोराला पाठ करता येईल. मलाही पाठ होतं.

गेल्या महिन्यात पुसदचे एक बांधकाम व्यावसायिक दुकानात आले. सोबत त्यांच्या ऑफिसातली ड्राफ्ट्समन मुलगी, ती दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. शेटजींनी आल्या आल्या विचारलं, “सगळ्यात जास्त कोरचं कोणतं हाय तुमच्यापाशी?” मी त्यांना पाणी दिलं, खुर्ची उचलली आणि स्टुलासमोर नेऊन ठेवली. तिला विचारलं, “ताई, दिवसभरात तुम्हाला जास्तीत जास्त कुठे थांबावं लागतं?”

शेटजींना ते रुचलं नाही. “अहो, मशीन मी घेऊन राह्यलो. तिले काय विचारता?”

“घेणार तुम्ही,” मी म्हणालो. “बसणार त्या.”

आणि वही उघडून ती काय सांगते ते लिहायला लागलो.